डाव्या डब्याची खरखर

दादा, काल तुझी तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गाडीने गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, आणि घर एवढं गप्प झालं की मला रागच आला. तुला माहीत आहे, मला रडू यायच्या आधी राग येतो आणि तो कुणावर तरी निघावा लागतो. तू समोरच्या खोलीत स्टुलावर फोटोत बसला आहेस, गळ्यात हार, ओठांवर तेच हसू, ज्या हसण्यावर तू माझे सगळे प्रश्न टोलवलेस. तेरा दिवस मी या फोटोशेजारी सतरंजी टाकून, भिंतीला टेकून बसले आहे. तेव्हा आता तुझ्यावरच निघू दे.

माझ्या हातात काय आहे बघ. सायकलच्या ट्यूबचा तुकडा. बोटाच्या पेराएवढा, एका टोकाला भोक पाडून त्यात दोरा ओवलेला, आणि दोऱ्याचं दुसरं टोक तुझ्या कॉम्प्युटरच्या डाव्या स्पीकरला बांधलेलं. स्पीकर हा शब्द आपल्या घरात कुणी कधी वापरला नाही. डबे. डावा डबा आणि उजवा डबा. डाव्या डब्याची जाळी पहिल्या दिवसापासून सैल होती. आवाज थोडा खालच्या पट्टीत गेला की ती खर्रर करायची. गाणी ऐकायची असली की तू हा तुकडा जाळीत खुपसायचास आणि खरखर बंद व्हायची. गेम खेळायचा असला की उपसून काढायचास, खरखर सुरू.

माझा प्रश्न साधा होता आणि मी तो अकरा वर्षं विचारला. खरखर बंद करता येते हे तुला माहीत होतं, तर रबर कायमचं लावून का नाही ठेवलंस? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न: दुकानात पाच जोड्या ऐकल्या, त्यातली नेमकी ही फुटकी जोडी काऊन पसंत केलीस? तू म्हणायचास, "सांगीन ना व कधी. एवढी काय घाई हाय?" घाई नव्हतीच रे. आपल्याला दोघांनाही वाटत होतं की वेळ भरपूर आहे.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. माझी बारावी झाली होती. घरी कॉम्प्युटर येऊन महिना झाला होता, पण डबे घ्यायचे राहून गेले होते, त्यामुळे तो बिचारा मुका होता. मी त्यावर बंदुकीचा गेम खेळायचे आणि पाठीमागून कोण येतं ते कळायच्या आत मरायचे. तुला त्यावर गाणी ऐकायची होती. भजनी मंडळाची कॅसेट कुणीतरी तुला सीडीवर करून दिली होती आणि ती सीडी तू रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली होतीस. त्या दिवशी, तू मिस्तरी होतास त्या राईस मिलचा मोठा पट्टा तुटला, नवा येईपर्यंत मिल बंद, म्हणून तुला सुट्टी मिळाली, आणि आपण आमगावहून सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला निघालो.

गाडीतच भांडण सुरू. मला धडामधुडूम पाहिजे होतं, बॉम्ब फुटला तर टेबल हललं पाहिजे. तू म्हणालास, "टेबल हलून काय करशीन? बाईचा आवाज साफ आला पायजे. टाळ टाळासारखा वाजला पायजे." मी म्हटलं, टाळ ऐकायला देवळात जा. समोरच्या बाकावरची म्हातारी आपल्याकडे टकामका बघत होती. तिला वाटलं असेल, यांच्या घरात वाटण्या चालल्यात.

दुकानदार हिंदीतच बोलणारा, गोरा, घामाघूम झालेला. त्याने विचारलं, "गाना सुनना है कि गेम खेलना है?" आपण दोघं एकदम म्हणालो, "दोनों." तो म्हणाला, "दोनों के लिए तो भैया बजट बढ़ाना पड़ेगा." बजेट वाढायचं कुठून? बाबांनी दिलं होतं तेवढंच. तू त्याला शांतपणे सांगितलंस, "आमच्या घरी एकच बैल नांगरालेबी चालते अन् बंडीलेबी चालते. तसाच एखादा दाखवा." तो हसला आणि त्याने फळीवरून पाच जोड्या काढल्या.

आणि मग मी तोंड उघडलं. माझं तोंड! मी त्याला म्हटलं, "भैया, मेरे भाई को मामूली मत समझना. रस्ते पर खड़ा होके बता देता है, मिल का कौन सा बेअरिंग जाने वाला है. इसका कान लाख में एक है." दुकानात चार गिऱ्हाइकं होती, तीही वळून बघायला लागली. तू आपल्या चपलांकडे बघत होतास. मला वाटलं, लाजतोय.

खोटं काय बोलले होते मी? साऱ्या आमगावला माहीत होतं. तुझ्याकडे स्क्रू पिळायचा, लांब दांड्याचा एक पेचकस होता. भात भरडायचा हलर कुरकुरायला लागला की तू त्याचं टोक मशीनला लावायचास, मूठ कानाशी धरायचास, आणि डोळे मिटून मशीनभोवती एक चक्कर मारायचास. इथे टेकव, तिथे टेकव, पुन्हा पहिल्या जागी. हमाल म्हणायचे, "चालला बापा मिस्तरी परकम्मा घालाले." परिक्रमा संपली की तू बोट ठेवायचास आणि तिथेच बिघाड निघायचा. शेजारच्या गावातले मिलवालेसुद्धा तुला बोलावून न्यायचे. मी शाळेत मैत्रिणींना सांगायचे, माझ्या दादाला लोखंड बोललेलं समजतं.

तर मी परीक्षा मांडली. तुला मधल्या स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला लावले, आणि दुकानदाराला सांगितलं की आवाज कधी एका बाजूला सोडा, कधी दुसऱ्या. दादा सांगेल कुठल्या डब्यातून आला ते. गेममध्ये तेच तर लागतं. पाऊल डावीकडे वाजलं की डावीकडे वळता आलं पाहिजे, नाहीतर खेळ खलास. ज्या जोडीवर दादा चुकला नाही ती जोडी घ्यायची, असा माझा हिशेब.

पहिल्या जोडीवर तू प्रत्येक वेळी "उजवा" म्हणालास. मी दुकानदाराला म्हटलं, "इसका बायाँ कमजोर है, दूसरा लगाओ." दुसऱ्या जोडीवर तेच. तिसऱ्यावर तू अधूनमधून "डावा" म्हणायला लागलास, तर नेमका तेव्हा आवाज उजवीकडे. चौथी चांगली जाडजूड, लाकडी खोक्याची होती, तीही बाद झाली. दुकानदार वैतागला. "दीदी, पूरे गोंदिया में यही माल बिकता है!" मी म्हटलं, "बिकता होगा, मेरे भाई का कान धोखा नहीं खाता." शिक्षा झाली पाहिजे होती मला त्या वाक्याबद्दल.

पाचवी जोडी सगळ्यात लहान होती, धूळ बसलेली, एका डब्याची जाळी जरा वाकलेली. आवाज सुरू झाला आणि तू मान किंचित तिरकी केलीस, मशीनपाशी करायचास तशी. "डावा." बरोबर. "उजवा." बरोबर. "डावा. पुन्हा डावा. आता उजवा." दुकानदाराने मुद्दाम फसवून पाहिलं, तरी एकदाही चुकला नाहीस. डोळे मिटलेले असतानाच तू म्हणालास, "हेच घेऊ." बाहेर ऑटोंचे भोंगे, आत पंख्याची घरघर, मला त्या डब्यातली खरखर ऐकूच आली नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते ना. परीक्षेत पहिला आल्यासारखं ते तोंड झालं होतं.

घरी आल्यावर मी गेम लावला. पहिलंच पाऊल वाजलं आणि डावा डबा म्हणाला, खर्रर. मग मी जे काही बोलले ते आईने मध्ये पडून थांबवलं. लाखात एक कान! कुंभाराकडचं साधं मडकंसुद्धा लोक वाजवून घेतात! मी परत करायला निघाले होते. तू म्हणालास, "मीच पसंत केले, आता कोन्या तोंडानं परत नेऊ? राहू दे व. गेमले चालते." गेमले चालते! मी रडले, जेवले नाही, आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी तू हा रबराचा तुकडा कापून आणलास. भजनाची सीडी लावलीस, तुकडा जाळीत खुपसलास, आणि काय सांगू, टाळ टाळासारखा वाजला. आई चुलीवरची भाकर तव्यावर तशीच ठेवून दारात येऊन उभी राहिली. मलाही मान्य करावं लागलं की आवाज गोड आहे. मी म्हटलं, झालं तर मग, असाच राहू दे. पण मी गेम लावला की तू उठणार, दोरा ओढणार, तुकडा बाहेर. "लाव ना ते रबर!" "राहू दे." "अरे काऊन?" "मजा येते." मजा म्हणे. मला वाटायचं, हा मला चिडवायचा धंदा आहे, आणि चिडायला मी कायम तयारच.

दादा, तू गेम चांगला खेळायला लागलास. मी शिकवलं आणि सहा महिन्यांत तू मला मागे टाकलंस. कानामागून आला आणि तिखट झाला. पण फक्त आपल्या घरी. आमगावच्या सायबर कॅफेत मी तुला एकदा मोठ्या तोऱ्यात घेऊन गेले, तर तू एका मिनिटात मेलास. पुन्हा लावला, पुन्हा मेलास. डावीकडून कोणीही यावं आणि तुला टिपून जावं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "घरात वाघ अन् बाहेर शेळी!" तू हसलास आणि म्हणालास, "आपल्या घरचे डबेच बरे, छोटी." मी तेही तुझ्या हट्टाच्या खात्यावर टाकलं.

मग मी नागपूरला शिकायला गेले. मला पाठवायला घरात कुणी तयार नव्हतं. तूच बाबांना म्हणालास, "तिच्या प्रश्नांची उत्तरं आपल्यापाशी नाईत. जाऊ द्या जिथं असतीन तिथं." हे मी कधी विसरले नाही. भांडणात विसरल्यासारखं केलं, पण विसरले नाही. आज मी शाळेत विज्ञान शिकवते ती तुझ्या त्या एका वाक्यामुळे, आणि हे तुला मी तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू शेफारला असतास, असं मला वाटायचं. बघ काय अक्कल.

पहिला पगार झाला तेव्हा मी तुझ्यासाठी नागपूरहून नवे डबे आणले. खाली ठेवायचा एक मोठा ठोकळा आणि दोन उंच, सडपातळ डबे. गाण्याला गोड, गेमला दणदणीत, रबर नको की दोरा नको. दुकानात मी स्वतः तासभर ऐकून घेतले होते. तू ते हातात घेतलेस, उलटसुलट करून पाहिलेस, डोळ्यांत पाणी आलं तुझ्या. आणि दिवाळीला मी घरी आले तर टेबलावर पुन्हा तीच खरखर! नवे डबे कपाटावर, खोक्यात, वरून प्लास्टिक बांधून ठेवलेले.

त्या दिवशी मी जे बोलले ते विसरता आलं तर बरं होईल. माझ्या कमाईची तुला किंमत नाही म्हटलं. तुला भिकेचे डोहाळे लागलेत म्हटलं. वहिनी नवीनच आली होती घरात, तिच्यासमोर म्हटलं. तू एवढंच म्हणालास, "छोटी, ते डबे लई चांगले हायेत. माह्यासाठी जास्तच चांगले हायेत." मी म्हटलं, टोमणे मारू नकोस. तो टोमणा नव्हता, हे मला आज सकाळी कळलं.

आणि तुझा शेवटचा फोन. तू जायच्या आठ दिवस आधीचा. "ये ना व रविवारी. एक डाव खेळू. मी आता शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन राहिलो." मी काय म्हणाले आठवतं? "आधी माझे डबे खाली काढ, मग येते." तू हसलास. "बरं बापा. तू ये तं खरी." मी आले नाही. वह्या तपासायच्या होत्या, तेही खरं होतं, पण खरं कारण ते नव्हतं. मी अडून बसले होते. पुढच्या रविवारी आले तेव्हा तू बोलत नव्हतास.

आज सकाळी मी आतल्या खोलीत गेले आणि कपाटावरून ते खोकं काढलं. वहिनी केर काढत होती. मी तुझ्याबद्दलची तक्रार तिच्याकडे घेऊन बसले; तू नाहीस तर तीच सापडली. म्हटलं, "वहिनी, सांगा तरी, असं काय वाईट होतं याच्यात? एकदा तरी लावले होते का?"

ती म्हणाली, "लावले होते ना, ताई. चांगले चार दिवस लावले. पन गेममदी सारे त्यायलेच मारून राहिले होते. कोन कुठून आला, काई समजेच ना. मंग हासले अन् म्हने, ठेव बापा वर. छोटीचे डबे दोन्ही सारखेच गोड बोलतात, मले डावा कोन्ता अन् उजवा कोन्ता काई समजत नाई."

मी विचारलं, "म्हणजे?"

तिने केरसुणी खाली ठेवली. माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी विचित्र बोलले होते. "ताई, त्यायले डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. तुमाले माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"लहानपनी गालफुगी झाली होती, तवापासून. एकदम बंद. लगनानंतर मी डावीकडून बोलून राहिली अन् हे उत्तरच देईनात. मले वाटलं, मानूस घमेंडी दिसते. मंग यायनंच सांगितलं. घरात कोनालेच सांगितलं नव्हतं म्हने. मिलमदी समजलं असतं तं मशीनीजवळ कोन उभं करन?" मग ती म्हणाली, "मी म्हटलं होतं, छोटीले तरी सांगा. तं म्हने, तिनं साऱ्या गोंदियात सांगून ठेवलं का माह्या भावाचा कान लाखात एक. आता तिले कसं सांगू का अर्धाच हाय?"

मी तिथेच खोक्यावर बसले, दादा. तुझ्यासाठी आणलेल्या खोक्यावर.

तुला एक गंमत सांगू? गंमत कसली, माझी फजिती. दरवर्षी मी वर्गात ध्वनी शिकवते. एका मुलाचे डोळे बांधते, मध्ये बसवते, चारी बाजूंनी टाळ्या वाजवायला लावते आणि तो बोट दाखवतो. मग मी समजावते की आपल्याला दोन कान आहेत म्हणून आवाजाची दिशा कळते. एक कान बंद करून बघा, आवाज येईल, पण कुठून आला ते कळणार नाही. आणि मग पोरांना मी तुझी गोष्ट सांगते! माझ्या भावाने दुकानात डोळे मिटून प्रत्येक वेळी बरोबर डबा ओळखला, म्हणते. वर्षानुवर्षं सांगते आहे. फळ्यावर दोन कान काढून सांगते. आधीच्या चार जोड्यांवर तू कसा चुकलास, तेवढं मात्र मी गोष्टीतून गाळलं होतं, कारण तो दोष मी डब्यांना देऊन मोकळी झाले होते.

तेव्हापासून दुपारभर मी मागे मागे जाते आहे आणि जिथे हात घालते तिथे तूच सापडतोस. रस्त्याने चालताना तू कायम माझ्या डाव्या बाजूला यायचास. मी म्हणायचे, काय पहारेकरी आहे! मोटारसायकलवर मी मागून काही विचारलं की तू म्हणायचास, "इकडून बोल," आणि उजवा खांदा मागे करायचास. मी नागपूरहून कानात घालायचे ते हेडफोन आणले तर "खाज येते" म्हणून परत दिलेस. मावशीच्या मुलीच्या लग्नात मी गर्दीतून, तुझ्या डावीकडून तुला दहा हाका मारल्या आणि तू समोर बघत निघून गेलास. मी महिनाभर म्हणत होते, मिस्तरी झाला तर भाव खातो. आणि ती परिक्रमा! हमाल हसायचे, मीही हसायचे. मशीन कुठे दुखतंय ते एका कानाने कळणार नाही, म्हणून तू तिच्याभोवती फिरायचास. दुसरा कान तू पायांनी भरून काढायचास. ही विद्या तुला कुणी शिकवली रे? कुणी नाही. तुझी तूच शोधलीस, आणि डब्यांच्या बाबतीतही तेच केलंस. दिशा कळत नव्हती, पण आवाजाची जात कळत होती. ज्यात खरखर तो डावा, साफ तो उजवा.

पण मला असं नुसतं सांगून पटत नाही, ते तुला माहीत आहे. मी वहिनीला कॉम्प्युटरपाशी बसवलं. आवाज एका बाजूला कसा सोडायचा ते दाखवलं. डाव्या कानात कापूस कोंबला, वरून तळहात घट्ट दाबला, डोळे मिटले. आधी रबर लावून. वहिनीने आवाज सोडला. आला, पण कुठून? मी म्हटलं, उजवा. ती म्हणाली, "नाई, डावा." पुन्हा. उजवा. "नाई." मी दुकानात होते, दादा, त्या स्टुलावर. चार गिऱ्हाइकं बघताहेत, बहीण छाती फुगवून उभी आहे, आणि मला काही कळत नाही. किती वेळ बसलास तू तसा? चार जोड्या. प्रत्येक जोडीवर चुकत होतास आणि मी दर वेळी डब्यांना नावं ठेवत होते. तुला किती सोपं होतं डोळे उघडून सांगणं की छोटी, मला ऐकू येत नाही. तू सांगितलं नाहीस, कारण मी आधीच मोठ्याने सांगून बसले होते.

मग मी दोरा ओढला. रबर बाहेर आलं.

खर्रर. "डावा," मी म्हटलं. "बरोबर." साफ आवाज. "उजवा." "बरोबर." डावा, डावा, उजवा, डावा. एकही चुकला नाही. वहिनी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी डोळे उघडले नाहीत. अकरा वर्षं मी ज्या आवाजाला शिव्या दिल्या, तो तुझा डावा कान होता, आणि गाणी ऐकताना टाळ गोड यावा म्हणून तू तो रबराने झाकून ठेवायचास. दोन्हींसाठी एकच बैल. मिळाला होता तुला, पाचव्या जोडीत.

दुपारी मी एक डावही खेळले. एका कानाने, रबर काढून. तू शेवटच्या पायरीपर्यंत गेला होतास हे खरं निघालं. तुझ्या नावापुढे दिसतंय. मी तिसरीवरच मेले. तुझ्याएवढी तयारी व्हायला मला वेळ लागेल.

आता संध्याकाळ झाली आहे. वहिनीने दिवा लावला आणि मी पुन्हा तुझ्यासमोर आले. आले आणि थबकले. माझी सतरंजी तेरा दिवस जिथे होती तिथेच होती, तुझ्या डाव्या हाताला. तेरा दिवस मी तिथून बोलते आहे. भांडले, रडले, रविवारी आले नाही म्हणून दोनदा माफी मागितली, सगळं त्या बाजूने.

मी सतरंजी उचलली. फोटोला वळसा घालून आले आणि तुझ्या उजव्या हाताला बसले, जवळ, खांद्याशी.

आता ऐक. चुकलं माझं, दादा.